मोल्सवर्थ या आडनावाविषयी

कबुलीजबाबापासून आरंभ करणे भाग आहे. गेली पंधरा-सोळा वर्षे आम्ही दोघे पदवीच्या वर्गाला मराठी कोशवाङ्मयाचा इतिहास शिकवीत आलो आहोत आणि मोल्सवर्थ आला की आमचा एक ठरलेला विनोद असे. 'मोल' म्हणजे किंमत आणि इंग्रजीत 'वर्थ' म्हणजेही किंमत. ज्याच्या आडनावातच मराठी शब्द आणि त्याचा इंग्रजी प्रतिशब्द मांडीला मांडी लावून बसले आहेत, त्याने मराठी-इंग्रजी कोश करू नये तर काय करावे? वर्ग हसे. जेवणानंतरच्या तासाला पेंगणारे चार जण जागे होत. त्यानंतर १८३१ आणि १८५७ ही दोन सालेही त्यांच्या लक्षात राहत, एवढाच त्या विनोदाचा हेतू.

काही वर्षांपूर्वी उत्तरपत्रिका तपासण्यासाठी आम्ही दोघेही एकाच कॅप केंद्रावर होतो. एका उत्तरपत्रिकेत टीपेच्या पहिल्याच वाक्यात लिहिले होते की, मोल्सवर्थ हे आडनाव 'मोल' व 'वर्थ' या दोन शब्दांच्या संयोगातून झाले असून कोशकार्याबद्दल महाराष्ट्रातील विद्वानांनी ही पदवी त्यांना बहाल केली. पहिले अर्धे वाक्य आमचे. पुढची पदवी आणि ते विद्वान मात्र वाटेत कुणीतरी जोडले होते. वहीतून वहीत उतरत, झेरॉक्सच्या दुकानांतून फिरत आमचा विनोद एवढ्या लांब गेला होता आणि जाता जाता इतिहास होऊन बसला होता. आमच्यापैकी एकाने लाल शाईचे पेन उचलले. दुसऱ्याने हात धरला. चूक कुणाची आणि गुण कुणाचे कापायचे? पाच-सात मिनिटे कुजबुजत वाद झाला. शेवटी गुण पूर्ण दिले आणि एकमेकांकडे न बघता पुढचा गठ्ठा सोडला.

त्या संध्याकाळपासून या आडनावाचा माग काढण्याचा छंद आम्हांला जडला. छंद हा शब्द जरा सौम्य आहे, अपराधभावनाच ती.

इंग्रजी आडनावांचे साधारण चार कुळ सांगता येतात: बापाच्या नावावरून, धंद्यावरून, अंगच्या लकबीवरून पडलेले आणि गावावरून आलेले. मोल्सवर्थ यांतले चौथे. इंग्लंडच्या पूर्वभागात हंटिंग्डनशर परगण्यात, नॉर्थॅम्प्टनशरच्या सीमेला लागून, या नावाचे एक लहानसे खेडे आहे; १९७४ पासून तो परगणा केंब्रिजशरमध्ये गेला. विल्यम राजाने १०८६ मध्ये केलेल्या जमाबंदीच्या नोंदवहीत, म्हणजे प्रसिद्ध डूम्सडे बुकात, हे गाव 'मोलेसवर्दे' अशा रूपात सापडते. म्हणजे आपल्या कोशकाराच्या जन्माआधी सातशे वर्षे हे नाव कागदावर चढलेले होते, आणि त्या वेळी ते कुणा माणसाचे आडनाव नव्हते, गावाचे नाव होते.

आता त्याची फोड. 'वर्थ' म्हणजे किंमत, हा आमच्या विनोदाचा अर्धा आधार पहिल्याच पायरीवर ढासळला. जुन्या इंग्रजीत किंमत या अर्थाचा शब्द निराळा आणि गावांच्या नावांत येणारा 'वर्थ' निराळा. पुढे उच्चार घासत जाऊन दोघे एकसारखे दिसू लागले. गावांच्या नावांतला 'वर्थ' म्हणजे कुंपण घातलेली जागा, आवार, त्या आवारातली वस्ती. आपली 'वाडी' याच्या फार जवळची आहे. संस्कृत 'वाट' म्हणजे कुंपण, त्यापासून वाडा आणि वाडी. कुंपणाचे गाव होणे ही क्रिया दोन्हीकडे एकच.

येथे मराठीच्या तासाला इंग्रजीचा एक वाटसरू आत घेतल्यावाचून राहवत नाही. कवी वर्डस्वर्थ याच्या आडनावाविषयी 'शब्दांचे मोल जाणणारा' असे सुभाषितवजा वाक्य आपण सर्वांनीच कधी ना कधी ऐकले असेल. यॉर्कशरमध्ये वॉड्सवर्थ नावाचे गाव आहे, त्याचेच हे रूप. शब्दही नाहीत आणि मोलही नाही. कुणा पुरातन शेतकऱ्याची वाडी तेवढी आहे. (या कवीचा त्याच नावाचा नातू पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आणि पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये शिकवीत होता. त्याच्या वर्गातल्या मराठी मुलांनी मास्तरांच्या आडनावावर काय काय कोट्या केल्या असतील, याची कल्पना करून पाहावी.) तेव्हा अशा खोट्या व्युत्पत्तीच्या पापात आम्ही एकटे नाही, एवढे समाधान मिळाले. ते फार वेळ टिकले नाही.

कारण उरला 'मोल'. इंग्रजीत अंगावरच्या तिळालाही मोल म्हणतात आणि जमीन पोखरत जाणाऱ्या एका आंधळट प्राण्यालाही. दोघांचाही येथे संबंध नाही. जुन्या इंग्रजीतले 'मूल' हे पुरुषाचे नाव, त्याला षष्ठीचा प्रत्यय, पुढे वर्थ: मूलची वाडी. मराठी कानाला 'मूल' आणि 'मूळ' हे दोन्ही शब्द येथे एकदम ऐकू येतात. पण पहिल्या चुकीने तोंड भाजल्यामुळे या वेळी आम्ही कोटी करण्याचा मोह आवरला आणि त्या 'मूल'चाच अर्थ पाहिला. अर्थ निघाला खेचर. घोडी आणि गाढव यांच्या संकरातून होणारे जनावर.

माणसाला हे नाव का पडावे? इतिहासात या नावाचा एक राजाही झाला. सातव्या शतकात वेसेक्सचा राजा कॅडवॉला याने केंट जिंकले आणि आपला भाऊ मूल याला तेथे बसवले. ६८७ मध्ये केंटच्या लोकांनी बंड करून त्याला जाळून मारले. पुढे कॅडवॉलाच्या गादीवर आलेल्या राजाने त्या मरणाची भरपाई केंटकडून वसूल केली. आता गंमत अशी की, कॅडवॉला हे नाव सॅक्सन नव्हे; ते ब्रिटनच्या मूळ केल्टिक भाषेतले, जित लोकांच्या भाषेतले. त्यावरून अभ्यासकांचे अनुमान असे की, या भावांच्या अंगात आईकडून ब्रिटन रक्त असावे आणि धाकट्याला 'खेचर' म्हणत ते त्यासाठी. म्हणजे मिश्र जन्माचा, दोन्हीकडचा आणि म्हणून कुठलाच नव्हे असा. आमच्या खेड्याचा मूल हा तो राजा नव्हे. पण नाव तेच आणि नावातला डंखही तोच.

हे वाचले त्या रात्री आम्ही बराच वेळ गप्प होतो. जवळपास दोन शतके मराठी शब्दांच्या अर्थासाठी ज्या नावाकडे धाव घ्यायची आपल्याला सवय आहे, त्या नावाच्या तळाशी कुणाला तरी हिणवून ठेवलेले एक टोपणनाव होते.

पण नावे धुतली जातात. ती कशी, हे पाहण्यासारखे आहे. टोपणनावाचे गाव झाले, तेव्हाच निम्मा डंख गेला. गावाचे नाव उच्चारताना कुणी खेचर आठवत नाही. मग गावावरून माणसाला ओळखण्याची वेळ आली. उमरावांच्या वंशावळींच्या ग्रंथांत या घराण्याचा आरंभ वॉल्टर द मोल्ड्सवर्थ नावाच्या एका सरदारापासून केलेला असतो. तो पुढे पहिला एडवर्ड म्हणून गादीवर आलेल्या राजपुत्राबरोबर जेरुसलेमच्या धर्मयुद्धाला गेला, अशी ती कथा. त्यातले 'द' हे नॉर्मन फ्रेंच अक्षर म्हणजे आपला 'कर'. मोल्ड्सवर्थचा तो मोल्ड्सवर्थकर. पुढे 'द' गळून पडला आणि गाव तेवढे अंगाला चिकटून राहिले. अशा ग्रंथांवर किती विसंबावे हा प्रश्न वेगळा. वंशावळ लिहून घेणारा यजमान जिवंत असेल, तर मूळपुरुष शूर निघतोच, हे आपल्याकडच्या बखरी वाचलेल्यांना सांगायला नको. पण सरदाराच्या नावाआधी लागलेल्या गावात दडून बसलेला तो मूल वंशावळीत कुठेही नाही.

त्यानंतरचा इतिहास दोन घराण्यांचा आहे. एक शाखा एलिझाबेथ राणीच्या काळी कॉर्नवॉलमध्ये गेली आणि पेंकॅरो येथे स्थिरावली. या शाखेला १६८९ मध्ये बॅरोनेट हा किताब मिळाला तो हेंडर मोल्सवर्थ या गृहस्थामुळे. हेंडर जमैकात मळेवाला होता, काही काळ तेथील कारभाराचा प्रमुखही होता आणि आफ्रिकेतून माणसे पकडून आणून विकणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा तो तेथला आडत्या होता. घराण्याच्या सन्मानाची पहिली पायरी ही. त्या बेटांवर गुलामांची मूळ नावे पुसून टाकली गेली आणि मालकांची आडनावे पुष्कळांच्या वंशजांना लागली. आज कॅरिबियनमध्ये इंग्रजी आडनाव दिसले की त्यामागे रक्ताचे नाते असते असे नाही, पुष्कळदा विक्रीचे असते. आडनावाचा माग म्हणजे वंशाचा माग, ही आमची समजूत येथे संपली.

त्याच शाखेत पुढे विल्यम मोल्सवर्थ झाला. १८१० चा जन्म, १८५५ मध्ये वसाहतमंत्री असतानाच मृत्यू. गुन्हेगारांना काळ्या पाण्यावर, म्हणजे ऑस्ट्रेलियाला, पाठवण्याच्या प्रथेची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीचा तो अध्यक्ष होता, आणि तत्त्वज्ञ हॉब्जचे समग्र ग्रंथ इंग्रजी व लॅटिन मिळून सोळा खंडांत त्यानेच संपादित केले. राजकारण सांभाळून एवढे संपादन करणारा माणूस पाहिला की, वर्षाला एक शोधनिबंध लिहिताना आमची जी तारांबळ उडते तिची लाज वाटते. त्याच्या बागेत चिली देशातून आणलेले एक काटेरी झाड होते. ते पाहून एका पाहुण्याने, यावर चढताना माकडालाही कोडे पडेल, असे म्हटले म्हणे. त्यावरून त्या झाडाला इंग्रजीत माकडकोडे अशा अर्थाचे नाव पडले ते आजतागायत. कोशकार नसलेल्या मोल्सवर्थांकडूनही भाषेला एक शब्द मिळाला तो असा.

दुसरी शाखा आयर्लंडची. क्रॉमवेलच्या काळात डब्लिनमध्ये व्यापार करून जमिनी मिळवलेल्या एका गृहस्थाचा मुलगा रॉबर्ट (१६५६ ते १७२५) डेन्मार्कला इंग्लंडचा वकील म्हणून गेला आणि परत येऊन त्याने त्या देशावर एक पुस्तक लिहिले. १६९४ साल घातलेले ते पुस्तक लेखकाच्या नावाशिवाय निघाले. एक स्वतंत्र राष्ट्र अनियंत्रित राजसत्तेच्या तोंडी कसे जाते, हा त्याचा विषय. डेन्मार्कच्या राजाचे पित्त खवळले आणि वकिलातीतून तक्रार झाली. १७१६ मध्ये हाच रॉबर्ट व्हायकाउंट झाला. आज आयर्लंडची संसद ज्या वास्तूत भरते, तिच्या समोरून जाणारा रस्ता मोल्सवर्थ स्ट्रीट याच घराण्याच्या नावाचा. आपल्या कोशकाराला या स्वातंत्र्यवाद्याच्या मांडीवर नेऊन बसवण्याचा मोह आम्हांला फार झाला. आडनाव एक म्हणून तसे करणे, ही 'मोल' आणि 'वर्थ' यांचीच पुढची आवृत्ती झाली असती.

आडनाव एकच, पण ते ऐकून कुणाला काय आठवावे याचा काही नेम नाही. आमच्या नात्यातील एका निवृत्त अभियंत्यांपुढे हा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "मोल्सवर्थ ना? खिशात मावायचं ते." आम्ही चक्रावलो, नऊशेहून अधिक पानांचा आमचा मोल्सवर्थ दोन हातांतही नीट मावत नाही. ते बोलत होते गिल्फर्ड मोल्सवर्थविषयी. हे गृहस्थ सिलोनच्या रेल्वेतून हिंदुस्थानात आले, सरकारी रेल्वेचे सल्लागार अभियंता झाले. आणि त्यांनी लिहिलेले सूत्रांचे खिशात बाळगण्याजोगे पुस्तक अभियंत्यांच्या पिढ्यान् पिढ्यांनी वापरले. इंग्लंडमधल्या आजी-आजोबांच्या पिढीला मिसेस मोल्सवर्थ आठवतात, 'द कुकू क्लॉक' ही १८७७ ची बालकथा लिहिणाऱ्या. त्यांचे हे आडनाव लग्नाचे. नवऱ्यापासून त्या विभक्त झाल्या, पण पुस्तकांवर नाव तेच राहिले. आमच्यापैकी एकीची पदवी एका आडनावाची आणि नेमणूक दुसऱ्या आडनावाची असल्यामुळे या बाईंविषयी आमच्या घरात विशेष जिव्हाळा आहे.

सर्वांत मौज मात्र १९५३ मध्ये झाली. जेफ्री विलन्स या लेखकाने आणि रॉनल्ड सर्ल या चित्रकाराने 'डाउन विथ स्कूल!' हे पुस्तक काढले. त्याचा निवेदक नायजेल मोल्सवर्थ हा शाळकरी पोर; त्याची सगळी कीर्ती भयानक शुद्धलेखनावर उभी आहे. म्हणजे जे आडनाव आपल्याकडे शब्दाच्या शुद्ध रूपाचा अखेरचा निवाडा, ते इंग्लंडमध्ये अशुद्ध लिहिण्याचे दुसरे नाव! आणि मूळ खेडे? दुसऱ्या महायुद्धात तेथे अमेरिकन बॉम्बर विमानांचा तळ झाला. १९८०च्या दशकात अण्वस्त्रधारी क्रूझ क्षेपणास्त्रे तेथे ठेवण्याचे ठरले, तेव्हा शांततावाद्यांनी छावणी टाकली. फेब्रुवारी १९८५ मध्ये संरक्षणमंत्री हेझल्टाइन लष्करी जाकीट अंगात घालून सैन्यासह रात्रीतून तेथे उतरले आणि ती छावणी उठवून भोवती तारेचे कुंपण घातले. 'वर्थ' म्हणजे कुंपण, हे त्या रात्री कुणाला आठवण्याचे कारण नव्हते.

आता आपले जेम्स टॉमस मोल्सवर्थ (१७९५ ते १८७१). कंपनी सरकारच्या लष्करात हा तरुण अधिकारी म्हणून आला, मराठी शिकताना कोशावाचून अडू लागले म्हणून शब्द टिपू लागला आणि १८२५ पासून सरकारच्या पाठिंब्याने त्याचे कोशाचे काम रीतसर सुरू झाले. जॉर्ज व टॉमस कँडी हे दोघे भाऊ सोबतीला. पहिल्या आवृत्तीत सुमारे चाळीस हजार शब्द, दुसऱ्या आवृत्तीत साठ हजार. मधल्या काळात प्रकृती खालावल्याने तो इंग्लंडला परतला आणि दुसऱ्या आवृत्तीसाठी १८५१ मध्ये पुन्हा आला. हे सगळे आपण शिकवतोच. वर्गात घाईने उरकले जाते ते शास्त्रीमंडळ. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, गंगाधरशास्त्री फडके, परशुरामपंत गोडबोले आदी पंडितांनी शब्द गोळा केले, त्यांचे अर्थ लावले, आणि त्यांचा मराठी-मराठी कोश १८२९ मध्येच बाहेर पडला होता. पुढच्या इंग्रजी कोशाचा तो पाया. पण आपण ग्रंथपालाला "मोल्सवर्थ काढा" असेच म्हणतो. अर्धे गोऱ्यांचे, अर्धे शास्त्र्यांचे असे हे काम एका आडनावाखाली झाकले गेले. आणि ते आडनाव नेमके 'दोन्हीकडचा' या अर्थाचे निघावे, हा योगायोग आहे. योगायोगाला योगायोगच म्हणावे, हे आम्ही आता शिकलो आहोत.

गेल्या वर्षी हा भाग आला तेव्हा आम्ही विनोद सांगितला, मग तो खोटा असल्याचे सांगितले आणि मग मूलच्या वाडीची ही सगळी हकीकत सांगितली. वर्ग नेहमीपेक्षा कमी हसला. तास संपल्यावर तृतीय वर्षाचा एक विद्यार्थी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभा राहिला. अबोल मुलगा, तीन वर्षांत त्याने प्रश्न विचारल्याचे आठवत नाही.

"मॅडम, आमचं आडनाव वडिलांनी बदललंय. मी सातवीत असताना. गॅझेटात देऊन." त्याचे आताचे आडनाव गावाच्या नावाला 'कर' लावून झालेले आहे. ते गाव आजोबांनीच सोडले, तेथे त्यांचे घर नाही, जमीन कधीच नव्हती. "पुढे कुणी शोधत आलं तर त्याला गावच सापडेल ना?"

गावच सापडेल, असे आम्ही म्हणालो.

"त्या वॉल्टरसारखं," तो म्हणाला आणि थोडा हसला. मग जुने आडनाव त्याने सांगितले. ते येथे लिहीत नाही. तो एक साधा मराठी शब्द आहे, शिवी नव्हे. पण शाळेच्या हजेरीत तो मोठ्याने वाचला जात असे तेव्हा मागच्या बाकांवरून काय होत असेल, हे कळायला व्युत्पत्तिकोश लागत नाही. "हा मोल्सवर्थमध्ये असेल का?"

आम्ही तिघेही ग्रंथालयात गेलो. पुण्याहून १९७५ मध्ये निघालेले पुनर्मुद्रण तेथे आहे, पुठ्ठा सुटलेला, आत आमच्याच काही जुन्या खुणा. शब्द होता. इंग्रजीतली जेमतेम दीड ओळ. त्याने बोट ठेवून ती दोनदा वाचली, एका शब्दाचा अर्थ आम्हांला विचारला. आम्ही तो सांगितला. सौम्य करून सांगावासा वाटला होता, तसा सांगितला नाही.

"हे यानेच पहिल्यांदा लिहिलं का, की याला कुणी सांगितलं?"

त्याच्याआधी शास्त्रीमंडळाचा कोश आहे, १८२९चा, तो पाहावा लागेल, असे आम्ही म्हणालो. आमच्या ग्रंथालयात तो नाही. त्याने कोशाचे नाव आणि साल वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतले, तो कुठे मिळेल ते विचारले, आणि साडेपाचची एसटी चुकेल म्हणून घाईने जिना उतरून गेला.